पाणीटंचाई आणि प्रादेशिक संघर्ष : गोंदिया जिल्ह्याच्या संदर्भात एका सिद्धान्ताची चिकित्सा

सारांश

गोड्या पाण्याची टंचाई हे प्रादेशिक संघर्षाचे प्रमुख कारण होय, असे विधान गेल्या तीन दशकांत जवळजवळ गृहीतक बनले आहे. प्रस्तुत लेखात या विधानाची चिकित्सा गोंदिया जिल्ह्याच्या आधारे केली आहे. पाऊस, नद्या आणि तलाव या तिन्ही बाबतींत संपन्न असलेल्या या जिल्ह्यातही पाण्यावरून तंटे होतात. त्यांचे मूळ पाण्याच्या एकूण परिमाणात नसून पाण्यावरील हक्काच्या मोडतोडीत, पाणी मिळण्याच्या वेळेत आणि निर्णयप्रक्रियेत आहे, असे येथे प्रतिपादन केले आहे. टंचाईच्या भाषेमुळे 'विपुल' ठरविल्या गेलेल्या प्रदेशाचे प्रश्न अदृश्य होतात, हा या लेखाचा मुख्य निष्कर्ष आहे.

बीजसंज्ञा : पाणीटंचाई, प्रादेशिक संघर्ष, मालगुजारी तलाव, निस्तार हक्क, वैनगंगा खोरे, धानशेती.

१. प्रस्तावना

पाण्यावरील संघर्षाचा अभ्यास करताना आपले लक्ष साहजिकच कोरड्या प्रदेशाकडे जाते. मराठवाड्यातील दुष्काळ, नगर-नाशिक विरुद्ध जायकवाडी हा वाद, कावेरीच्या पाण्यावरून १९९१ मध्ये उसळलेली दंगल ही उदाहरणे अभ्यासक्रमांत आणि चर्चासत्रांत वारंवार येतात. गोंदिया जिल्ह्याचे नाव या यादीत सहसा नसते. १ मे १९९९ रोजी भंडारा जिल्ह्यातून वेगळा झालेला हा जिल्हा धानाचा आणि तलावांचा जिल्हा म्हणून ओळखला जातो. सरासरी पाऊस सुमारे १३०० मिलिमीटर, उत्तरेकडे वैनगंगा, मध्य प्रदेशाच्या सीमेवर बाघ, दक्षिणेकडे चुलबंद व गाढवी, आणि गावोगावी पसरलेले जुने तलाव, असे हे चित्र आहे.

असे असूनही या जिल्ह्यातील शेतकऱ्याला पाण्याचा तंटा म्हणजे काय हे समजावून सांगावे लागत नाही. सप्टेंबरच्या अखेरीस पावसाने दडी मारली की तलावाच्या पाळीवर, कालव्याच्या शेवटच्या चारीवर आणि पाटबंधारे उपविभागाच्या कार्यालयात जे घडते, ते पाण्यावरील संघर्षाचेच रूप होय. मग येथे टंचाई आहे काय? नसेल तर संघर्ष का आहे? आणि टंचाई नसताना संघर्ष होत असेल, तर टंचाईला संघर्षाचे कारण मानणाऱ्या सिद्धान्ताचे काय करावयाचे? या तीन प्रश्नांचा विचार पुढे केला आहे.

२. सिद्धान्ताची मांडणी

टंचाई-संघर्ष सिद्धान्ताला शीतयुद्धोत्तर काळात विशेष बळ मिळाले. एकविसाव्या शतकातील युद्धे पाण्यावरून होतील, या आशयाचे विधान जागतिक बँकेचे तत्कालीन उपाध्यक्ष इस्माइल सेरागेल्दिन यांनी १९९५ मध्ये केले व ते जगभर पसरले. त्याच सुमारास कॅनडाचे राज्यशास्त्रज्ञ थॉमस होमर-डिक्सन यांनी पर्यावरणीय टंचाई आणि हिंसक संघर्ष यांच्यातील संबंधाची अधिक काटेकोर मांडणी केली. त्यांच्या मते टंचाई तीन मार्गांनी निर्माण होते. साधनाचा साठा घटल्याने, लोकसंख्या व गरजा वाढल्याने मागणी वाढून, आणि समाजातील विषम वाटपामुळे. या तिन्हींच्या संयोगातून स्थलांतर, आर्थिक ऱ्हास व राज्यसंस्थेचे दौर्बल्य उद्भवते आणि अखेरीस संघर्ष पेटतो.

या मांडणीला मोजमापाची जोड मिळाली ती स्वीडनच्या जलशास्त्रज्ञ मालिन फाल्केनमार्क यांच्या निर्देशांकाची. दरडोई दरवर्षी १७०० घनमीटरपेक्षा कमी पाणी असल्यास तो प्रदेश जलताणाखाली आणि १००० घनमीटरपेक्षा कमी असल्यास टंचाईग्रस्त मानावा, असा हा निकष आहे. केंद्रीय जल आयोगाच्या अभ्यासानुसार भारतातील दरडोई उपलब्धता २०२१ साठी सुमारे १४८६ घनमीटर इतकी अंदाजण्यात आली. म्हणजे देश म्हणून आपण जलताणाच्या रेषेखाली आलो आहोत.

या सिद्धान्तावर दोन बाजूंनी टीका झाली. पहिली टीका अभ्यासपद्धतीवरची होती. जेथे संघर्ष झाला तीच उदाहरणे निवडून त्यांत टंचाई शोधली, तर ती सापडणारच. टंचाई असून संघर्ष न झालेली आणि टंचाई नसून संघर्ष झालेली उदाहरणे तपासल्याशिवाय कार्यकारणभाव सिद्ध होत नाही, असा आक्षेप नॉर्वेचे शांतता-अभ्यासक निल्स पेटर ग्लेडिच यांच्यासारख्या संशोधकांनी घेतला. दुसरी टीका वस्तुस्थितीच्या आधारे झाली. ओरेगॉन राज्य विद्यापीठातील आरॉन वुल्फ व त्यांच्या सहकाऱ्यांनी १९४८ ते १९९९ या काळात सामायिक नद्यांवरून राष्ट्रा-राष्ट्रांत घडलेल्या १८३१ घटनांची नोंद केली. त्यांपैकी सुमारे दोन तृतीयांश घटना सहकार्याच्या होत्या. केवळ पाण्यासाठी लढले गेलेले युद्ध शोधावयाचे तर सुमारे ४५०० वर्षे मागे, मेसोपोटेमियातील लगाश आणि उम्मा या नगरराज्यांपर्यंत जावे लागते, असे वुल्फ यांचे म्हणणे आहे.

ही टीका महत्त्वाची असली तरी ती राष्ट्रांच्या पातळीवर थांबते. गाव, तालुका, जिल्हा आणि राज्यांतर्गत प्रदेश या पातळ्यांवर काय घडते, हे तिच्यातून कळत नाही. ही उणीव गोंदियासारख्या जिल्ह्याच्या अभ्यासाने काही अंशी भरून निघू शकते, कारण टंचाई नसलेले परंतु संघर्ष असलेले हे उदाहरण आहे.

३. मोजमापाचा प्रश्न : 'किती' आणि 'केव्हा'

प्रथम दरडोई निकष गोंदियाला लावून पाहू. जिल्ह्याचे क्षेत्रफळ सुमारे ५२०० चौरस किलोमीटर आणि २०११ च्या जनगणनेनुसार लोकसंख्या १३ लाख २२ हजार. वर दिलेल्या सरासरी पावसाने जिल्ह्याच्या भूमीवर वर्षाकाठी पावणेसातशे कोटी घनमीटरच्या आसपास पाणी पडते. भागाकार केला तर माणशी सुमारे ५००० घनमीटर येतात. हे पावसाचे ढोबळ पाणी आहे. त्यातील मोठा भाग बाष्पीभवनाने जातो, काही जमिनीत मुरतो, काही नदीवाटे वाहून जातो, आणि प्रत्यक्ष वापरण्याजोगे पाणी यापेक्षा पुष्कळच कमी असते. तथापि वैनगंगा व बाघ या नद्या वरच्या भागातून आणतात ते पाणी या हिशेबात धरलेलेच नाही. कोणत्याही दरडोई कोष्टकात गोंदिया सुस्थितीतच दिसेल, एवढे यावरून स्पष्ट व्हावे.

आता हेच पाणी धानाच्या बाजूने पाहू. जिल्ह्यातील बहुतेक पाऊस जून ते सप्टेंबर या चार महिन्यांत पडतो. मृगात पऱ्हे टाकले जातात, जुलैत रोवणी होते, आणि त्या वेळी बांधीत चिखल करण्याइतके पाणी साचणे आवश्यक असते. हलके धान लवकर निघते. भारी धान मात्र ऑक्टोबरच्या उत्तरार्धापर्यंत आणि त्यापुढेही शेतात उभे असते. ते गर्भावस्थेत असताना, म्हणजे सप्टेंबरच्या शेवटच्या व ऑक्टोबरच्या पहिल्या पंधरवड्यात, पाण्याचा एक फेर चुकला तर लोंबी पोचट राहते. हस्ताचा पाऊस आला तर प्रश्न मिटतो, न आला तर तलाव किंवा कालव्याच्या एका पाण्यावर संपूर्ण वर्षाचे पीक अवलंबून राहते. ज्या वर्षी एकूण पाऊस सरासरीएवढा झाला त्या वर्षीही हा प्रसंग येऊ शकतो, कारण जुलैतील अतिवृष्टी ऑक्टोबरच्या बांधीत उपयोगी पडत नाही. तिला अडवून धरणारा तलाव असेल तरच ती उपयोगी पडते.

तात्पर्य, वार्षिक सरासरी हे माप धानउत्पादकाच्या अनुभवाला स्पर्शच करीत नाही. त्याच्या दृष्टीने पाणी म्हणजे विशिष्ट पंधरवड्यात, विशिष्ट बांधीत, विशिष्ट क्रमाने मिळणारे पाणी होय. हा क्रम कोण ठरविणार, हा प्रश्न उपस्थित होताच आपण जलशास्त्रातून निघून हक्काच्या प्रांतात प्रवेश करतो.

४. तलावांचा जिल्हा : हक्काची घडण आणि मोडतोड

पूर्व विदर्भातील तलावांची परंपरा गोंड राजवटीपर्यंत मागे जाते. तलाव बांधणाऱ्यास जमीन देण्याचे गोंड राजांचे धोरण आणि त्यानुसार तलाव बांधणारा कोहळी समाज यांच्या आठवणी या भागात आजही जिवंत आहेत. अर्जुनी-मोरगाव तालुक्यातील नवेगाव बांध येथील विस्तीर्ण तलावाचे श्रेय परंपरेने कोलू पाटील कोहळी यांना दिले जाते. ब्रिटिशांनी १८६० च्या दशकातील जमाबंदीत मालगुजारांना जमिनीचे मालकी हक्क दिले आणि पुढे हे तलाव मालगुजारी तलाव, बोलीभाषेत मामा तलाव, म्हणून ओळखले जाऊ लागले. पूर्व विदर्भात अशा तलावांची संख्या सुमारे ६८०० असून एकट्या गोंदिया जिल्ह्यात ते सुमारे १४०० आहेत.

या व्यवस्थेत तलाव हा केवळ पाण्याचा साठा नव्हता. पाळीची दुरुस्ती, गाळ काढणे, तुडुमातून पाणी सोडण्याचा क्रम, पाणी वाटणाऱ्या माणसाचा मोबदला, ढिवर समाजाचा मासेमारीचा वहिवाटी हक्क, गुरांचे पाणी, काठावरील गवत व झाडे यांविषयीचे रिवाज गावागावांत ठरलेले होते. त्यांपैकी अनेकांची नोंद वाजिब-उल-अर्ज आणि निस्तार पत्रक या महसुली कागदपत्रांत झालेली आहे. म्हणजे येथे हक्क केवळ तोंडी परंपरेवर उभा नव्हता, त्याला लेखी आधारही होता.

मध्य प्रदेश शासनाने १९५० मध्ये मालकी हक्क निर्मूलनाचा कायदा केला व ३१ मार्च १९५१ पासून मालगुजारी संपुष्टात आली. सामाजिक न्यायाच्या दृष्टीने हे पाऊल आवश्यकच होते. परंतु तलावांच्या बाबतीत त्याचा एक अनपेक्षित परिणाम झाला. बहुतेक तलाव शासनाकडे गेले, निस्ताराचा वापरहक्क गावाकडे राहिला, आणि देखभालीची जबाबदारी मात्र नेमकी कोणाचीच राहिली नाही. पूर्वी आम्ही या पाण्याचे पैसे देत नव्हतो, मग आता पाणीपट्टी का द्यावी, असा प्रश्न शेतकऱ्यांनी विचारला. पाणीपट्टी मिळत नसेल तर दुरुस्तीवर खर्च का करावा, असा विचार प्रशासनाने केला. दोन्ही बाजूंच्या म्हणण्यात तर्क होता, पण त्या तर्कांच्या दरम्यान तलाव गाळाने भरत गेले. आज शंभर हेक्टरपर्यंत सिंचनक्षमतेच्या तलावांची जबाबदारी जिल्हा परिषदेकडे असून तलावांची संख्या आणि उपलब्ध निधी यांचा मेळ बसणे कठीण आहे.

गाळ भरल्याने साठा कमी झाला आणि त्यामुळे तंटे वाढले, असे म्हटले तर ते होमर-डिक्सन यांच्या पहिल्या प्रकारच्या टंचाईचे उदाहरण ठरेल. पण घटनाक्रम नीट पाहिला तर तो उलटा आहे. प्रथम हक्क आणि जबाबदारी यांची फारकत झाली, त्यातून दुर्लक्ष झाले, दुर्लक्षातून गाळ साचला आणि गाळातून टंचाई आली. येथे टंचाईच्या आधी व्यवस्थेचा भंग आहे.

आजच्या तलावाच्या काठावरील तंट्यांचे स्वरूपही हेच दर्शविते. खालच्या बांधीवाल्याला उन्हाळी धानासाठी पाणी हवे असते, तर मच्छीमार सहकारी संस्थेला माशांच्या वाढीसाठी तलावात किमान पाणी राहावे असे वाटते. तलावाच्या पोटात गाळपेर करणाऱ्याला पाणी लवकर उतरलेले बरे असते, तर पाळीखालच्या शेतकऱ्याला ते टिकलेले हवे असते. या चारही पक्षांची मागणी आपापल्या जागी न्याय्य आहे. पूर्वी त्यांचा क्रम रिवाजाने ठरत असे. आता सिंचनाचा निर्णय एका खात्याकडे, मासेमारीचा ठेका दुसऱ्या खात्याकडे, जमिनीचे अतिक्रमण तिसऱ्या खात्याकडे आणि तलाव जिल्हा परिषदेकडे, अशी विभागणी आहे. एकाच पाण्याविषयी चार ठिकाणी चार निर्णय होत असतील तर पाणी भरपूर असूनही संघर्ष अटळ ठरतो.

या ठिकाणी अमर्त्य सेन यांनी १९८१ मध्ये दुष्काळांविषयी मांडलेल्या विचाराचे स्मरण होते. अन्नधान्याची एकूण उपलब्धता पुरेशी असतानाही अन्न मिळविण्याचा हक्क गमावलेली माणसे उपासमारीने मरतात, हे त्यांनी १९४३ च्या बंगालच्या दुष्काळाच्या आधारे दाखवून दिले. पाण्याच्या बाबतीत हा विचार आपण अद्याप पुरेसा लावून पाहिलेला नाही.

५. नदी आणि सीमा : सहकार्याचे विसरलेले उदाहरण

वैनगंगा मध्य प्रदेशातील सिवनी जिल्ह्यात उगम पावते, बालाघाट जिल्ह्यातून वाहत येते आणि काही अंतर बालाघाट व गोंदिया यांच्या सीमेवरून वाहते. बाघ नदीही या दोन जिल्ह्यांची सीमा आखते. १ नोव्हेंबर १९५६ च्या राज्यपुनर्रचनेपूर्वी भंडारा आणि बालाघाट हे दोन्ही जिल्हे एकाच राज्यात होते. म्हणजे आज आंतरराज्य म्हणून गणल्या जाणाऱ्या या नद्या सत्तर वर्षांपूर्वी राज्यांतर्गत होत्या. पाणी तेच, शेतकरी तेच, दोन्ही काठांवरील नातेसंबंध आणि बोलीही बऱ्याच अंशी त्याच. बदलली ती केवळ निर्णय घेणारी राजधानी.

टंचाई-संघर्ष सिद्धान्तानुसार अशी नवी सीमा म्हणजे नव्या संघर्षाचे बीज ठरावयास हवे होते. प्रत्यक्षात काय झाले? पुजारीटोला, सिरपूर आणि कालीसरार या धरणांचा समावेश असलेल्या बाघ प्रकल्पाचे पाणी दोन्ही राज्यांतील शेतीला मिळते. शेजारच्या भंडारा जिल्ह्याच्या सीमेवरील बावनथडी प्रकल्पही दोन राज्यांनी वाटून घेतलेला आहे. १९६९ मध्ये नेमलेल्या आणि १९८० मध्ये अंतिम निवाडा देणाऱ्या गोदावरी पाणीतंटा लवादाने राज्यांनी आपसांत केलेले करार निवाड्याचा भाग म्हणून स्वीकारले. ही प्रकरणे दिरंगाईपासून मुक्त नाहीत. बावनथडीचे पाणी शेतात पोचण्यास कित्येक दशके लागली. परंतु दिरंगाई म्हणजे संघर्ष नव्हे. उलट लेखी वाटणी असल्यास सीमा ओलांडूनही पाणी वाहू शकते, याचा हा पुरावा आहे.

या सीमेवर अलीकडच्या काळात सर्वाधिक कटुता निर्माण झाली ती पाण्याच्या अभावाने नव्हे, तर आधिक्याने. ऑगस्ट २०२० च्या अखेरीस मध्य प्रदेशातील अतिवृष्टीनंतर सिवनी जिल्ह्यातील संजय सरोवरातून मोठ्या प्रमाणावर पाणी सोडावे लागले आणि वैनगंगेच्या महापुराने गोंदिया, भंडारा, चंद्रपूर व गडचिरोली जिल्ह्यांत मोठी हानी केली. पूर्वसूचना केव्हा मिळाली, कोणाला मिळाली, गोसीखुर्दचे दरवाजे केव्हा उघडावयास हवे होते, हे त्या वेळी विचारले गेलेले प्रश्न होते. त्यांपैकी एकही प्रश्न टंचाईचा नाही. सर्व प्रश्न माहितीचे आणि उत्तरदायित्वाचे आहेत.

सीमेच्या आतील उदाहरण इटियाडोहचे आहे. गाढवी नदीवरील हे धरण अर्जुनी-मोरगाव तालुक्यात असले तरी त्याचे लाभक्षेत्र भंडारा व गडचिरोली जिल्ह्यांतही पसरलेले आहे. कालव्याच्या मुखाशी असलेल्या शेतकऱ्याने उन्हाळी धान घेतले तर शेवटच्या टोकाला पाणी पोचण्याची शक्यता कमी होते, आणि त्या टोकाचे शेतकरी बहुधा दुसऱ्या जिल्ह्यातले असतात. सिंचनाचे साधे नियोजन अशा रीतीने जिल्ह्या-जिल्ह्यांतील वादाचे रूप घेते. धरण भरले असतानाही हा वाद होतो, ही बाब लक्षात घेण्याजोगी आहे.

६. 'विपुल' ठरविण्याचे राजकारण

येथवरच्या विवेचनावरून टंचाईचा सिद्धान्त गोंदियाला लागू पडत नाही, एवढेच म्हणून थांबता आले असते. परंतु प्रश्न केवळ सैद्धान्तिक नाही. धोरणे या सिद्धान्ताच्या भाषेत आखली जातात आणि त्यांचे परिणाम जिल्ह्याला भोगावे लागतात.

महाराष्ट्र जल व सिंचन आयोगाने, म्हणजे चितळे आयोगाने, १९९९ च्या अहवालात राज्यातील उपखोऱ्यांची वर्गवारी दर हेक्टरी उपलब्ध पाण्यानुसार अतितुटीची, तुटीची, सर्वसाधारण, विपुल आणि अतिविपुल अशी केली. नियोजनासाठी ही वर्गवारी उपयुक्त आहे याबद्दल दुमत नाही. मात्र ती खोऱ्याची सरासरी सांगते, खोऱ्यातील गावाची स्थिती सांगत नाही. वि. म. दांडेकर समितीच्या १९८४ च्या अहवालानंतर प्रादेशिक अनुशेषाची जी चर्चा झाली तिच्यातही हेच दिसते. नंतरच्या काळात सिंचनाचा भौतिक अनुशेष प्रामुख्याने अमरावती, अकोला, वाशिम व बुलडाणा या जिल्ह्यांत उरल्याचे मानले गेले. पश्चिम विदर्भाची ती मागणी न्याय्यच आहे. परंतु ज्या गोंदियाच्या सिंचनाचा मोठा आधार जुने तलाव आहेत, तेथील तलाव कागदावर सिंचनक्षेत्र दाखवितात आणि शेतात पाणी देऊ शकत नाहीत, ही तफावत अनुशेषाच्या कोष्टकात कोठे बसवावयाची?

ऑगस्ट २०२४ मध्ये राज्य मंत्रिमंडळाने वैनगंगा-नळगंगा नदीजोड प्रकल्पाला मान्यता दिली. गोसीखुर्द धरणातून निघून बुलडाणा जिल्ह्यातील नळगंगेपर्यंत जाणाऱ्या सुमारे ४२७ किलोमीटर लांबीच्या या जोडकालव्याच्या मुळाशी वैनगंगा खोऱ्यात वापरून उरणारे पाणी आहे, हे गृहीत धरलेले आहे. बुलडाण्याच्या शेतकऱ्याला पाणी मिळू नये, असे कोणी म्हणणार नाही. प्रश्न 'उरणारे' या शब्दाचा आहे. पाणी उरते म्हणजे ते कोणाला नको असते, की ज्यांना हवे असते त्यांच्यापर्यंत पोचविण्याची व्यवस्था मोडलेली असते? जिल्ह्यातील तलावांची मूळ साठवणक्षमता पुन्हा प्राप्त झाली, तर किती पाणी अडेल आणि किती उरेल, याचा हिशेब प्रथम मांडला जावा ही अपेक्षा अवाजवी नाही.

औद्योगिक वापराबाबतही हेच म्हणता येईल. तिरोडा येथे २०१२ ते २०१४ या काळात ३३०० मेगावॅट क्षमतेचा औष्णिक वीज प्रकल्प कार्यान्वित झाला. तो वैनगंगेच्या पाण्यावर चालतो. त्याच नदीवरील धापेवाडा उपसा सिंचन योजनेकडे तिरोडा व परिसरातील शेतकरी आशेने पाहतात. विजेची गरज नाकारता येत नाही. परंतु वीज प्रकल्पाचा वाटा करारात निश्चित असतो आणि शेतकऱ्याचा वाटा योजनेच्या प्रगतीवर व हंगामावर अवलंबून असतो. महाराष्ट्र जलसंपत्ती नियमन प्राधिकरण अधिनियम २००५ मध्ये झाला, तेव्हा पाण्याचे हक्क निश्चित व पारदर्शक होतील अशी अपेक्षा होती. २०११ च्या दुरुस्तीने क्षेत्रनिहाय पाणीवाटपाचा निर्णय मंत्रिमंडळाकडे गेला आणि उच्चाधिकार समितीचे पूर्वीचे निर्णयही वैध ठरविले गेले. 'विपुल' प्रदेशात असे निर्णय सहज होतात, कारण तेथे कोणाचे काही हिरावले जात आहे असे आकडे सांगत नाहीत.

७. काही आक्षेप

या प्रतिपादनावर तीन आक्षेप संभवतात. पहिला असा की, गोंदियातील तंटे किरकोळ असून त्यांना प्रादेशिक संघर्ष म्हणणे अतिशयोक्त आहे. येथे रक्तपात झालेला नाही, हे खरे. मार्च २०१६ मध्ये लातुरात पाण्याच्या ठिकाणी जमावबंदी लागू करावी लागली आणि एप्रिलमध्ये मिरजेहून रेल्वेने पाणी न्यावे लागले, तशी वेळ गोंदियावर आलेली नाही. परंतु संघर्ष हिंसक होईपर्यंत त्याचा अभ्यास करावयाचा नाही, ही भूमिका शास्त्रीय नव्हे.

दुसरा आक्षेप असा की, मराठवाड्यात तरी टंचाई हेच संघर्षाचे कारण आहे. तेथे पाऊस कमी पडतो हे निर्विवाद. तथापि जायकवाडीच्या वादात कळीचा मुद्दा वरच्या धरणांत पाणी असताना खाली किती सोडावे हा होता, आणि त्याची सोडवणूक २००५ च्या अधिनियमातील समन्यायी वाटपाच्या तरतुदीच्या आधारे शोधावी लागली. टंचाईने तेथील वाद तीव्र केला. वादाचा आकार मात्र वाटपानेच ठरविला. तेव्हा टंचाईला निष्प्रभ ठरविण्याचा येथे हेतू नाही. ती संघर्षाला धार देते, त्याचे मूळ नसते, एवढेच म्हणावयाचे आहे.

तिसरा आक्षेप अधिक गंभीर आहे. विषम वाटप हासुद्धा टंचाईचा एक प्रकार होमर-डिक्सन यांनी मानलाच आहे, मग गोंदिया हे त्यांच्या सिद्धान्ताचे उदाहरण का नव्हे? याचे उत्तर असे की, विपुल पाण्याच्या प्रदेशातील अन्याय्य वाटपालाही टंचाईच म्हणावयाचे असेल तर त्या संज्ञेत न बसणारे काहीच उरत नाही, आणि जी संज्ञा सर्व काही स्पष्ट करते ती प्रत्यक्षात काहीच स्पष्ट करीत नाही. शिवाय 'टंचाई' म्हटले की उपाय म्हणून अधिक पाणी आणणे सुचते, 'अन्याय्य वाटप' म्हटले की हक्काची पुनर्रचना सुचते. दोन उपायांत अंतर आहे, म्हणून दोन शब्दांतही अंतर ठेवले पाहिजे.

यासोबत स्वतःच्या भूमिकेची मर्यादाही नोंदविणे आवश्यक आहे. जुन्या तलाव-व्यवस्थेचे गुण सांगताना ती मालगुजाराच्या वर्चस्वावर उभी होती हे विसरता कामा नये. पाण्याचा क्रम ठरविताना भूमिहीन, दलित आणि स्त्रिया यांचा शब्द विचारात घेतला जात नव्हता. म्हणून जुनी व्यवस्था जशीच्या तशी परत आणणे हा मार्ग नव्हे. सिंचन पद्धतीचे शेतकऱ्यांकडून व्यवस्थापन करण्याविषयीच्या २००५ च्या अधिनियमाने पाणीवापर संस्थांना कायदेशीर आधार दिला, पण त्याची रचना मुख्यतः कालव्याच्या लाभधारक जमीनमालकांना समोर ठेवून झाली. तलावावर जगणाऱ्या ढिवर कुटुंबाला, ज्याच्याकडे बांधी नाही, त्या संस्थेत स्थान मिळत नाही.

८. समारोप

गोंदिया जिल्ह्याच्या आधारे केलेल्या या चिकित्सेतून पुढील निष्कर्ष निघतात. पाण्याची वार्षिक सरासरी उपलब्धता हे संघर्षाचे विश्वसनीय निदर्शक नाही. पाणी केव्हा मिळते आणि तो क्रम कोण ठरवितो, हे अधिक निर्णायक आहे. मालगुजारी तलावांच्या बाबतीत हक्क आणि जबाबदारी यांची फारकत आधी झाली व टंचाई नंतर आली. आंतरराज्य सीमेवर लेखी वाटणी असेल तेथे सहकार्य टिकले, आणि माहिती व उत्तरदायित्व यांचा अभाव असेल तेथे आधिक्यातूनही कटुता निर्माण झाली. 'विपुल' हे बिरुद तटस्थ वर्णन राहत नाही. त्या प्रदेशातील पाण्यावर इतरांचा दावा सुकर करण्याचे ते साधनही ठरते.

या निष्कर्षांतून महाविद्यालयीन अध्यापकांसाठी एक कार्यही सूचित होते. निस्तार पत्रके आणि वाजिब-उल-अर्ज यांतील पाणीविषयक नोंदी महसुली दप्तरांत पडून आहेत आणि त्या जीर्ण होत आहेत. इतिहास, भूगोल, राज्यशास्त्र व अर्थशास्त्र या विभागांनी मिळून आपल्या परिसरातील तलावांच्या नोंदी उतरवून घेतल्या, त्यांची आजच्या वापराशी तुलना केली आणि तलावागणिक कोणाचा हक्क काय होता व आज काय आहे याचे कोष्टक तयार केले, तर वैनगंगेच्या पाण्याविषयी पुढे होणाऱ्या प्रत्येक चर्चेत या जिल्ह्याला आकड्यांसह बोलता येईल. नदीचे पाणी कोठे वळवावयाचे हे ठरविण्यापूर्वी ते आज कोणाचे आहे हे लिहून ठेवलेले असणे इष्ट. ते लिहिले गेले नाही, तर 'उरणारे पाणी' या शब्दाचा अर्थ इतर कोणी ठरवील आणि गोंदियाला तो मान्य करावा लागेल.